चन्नपट्टणच्या लाकडाची कॉर्नवॉलिस

देवनहळ्ळीपासून समुद्र दोन्ही बाजूंना तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. गाव नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेलं. आजूबाजूला द्राक्षांचे मळे, चकोतऱ्याची झाडं आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. अशा ठिकाणी बसून कुणी पहिल्यांदाच युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेतली, तर नौका कुठली निवडायची? बहुतेक नवशिके दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध जहाजांकडे वळतात: यामातो, बिस्मार्क, मिसूरी. त्यांचे प्लास्टिकचे तयार संच मिळतात, आणि त्यात गैर काही नाही. पण देवनहळ्ळीत राहणाऱ्या माणसासाठी मला त्याहून जवळची नौका सुचवायची आहे. ती लाकडी आहे, शिडांची आहे, आपल्या मुंबईत बांधलेली आहे आणि तिच्या नावाचा धागा थेट इथल्या किल्ल्यापर्यंत येतो.

गावातला दगडी किल्ला अजून शाबूत आहे. टिपू सुलतानाचा जन्म इथलाच. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, 1791 मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतल्यावर देवनहळ्ळीही त्याच्या हाती पडली. त्या वर्षी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन पेशव्यांच्या फौजा घेऊन कॉर्नवॉलिसला येऊन मिळाले, हा भाग मराठी वाचकाला ठाऊक असतो. 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मराठ्यांकडे आला. मलबार गेला ईस्ट इंडिया कंपनीकडे. मलबारात सागवान होतं. नौकेच्या कथेला खरी सुरुवात होते ती या सागवानापासून.

इंग्लंडचं आरमार ओकच्या लाकडावर उभं होतं आणि नेपोलियनच्या युद्धांत ओक पुरेनासा झाला. मुंबईच्या गोदीला लागणारं सागवान मोठ्या प्रमाणात मलबारातून येई. ते हाती राहावं म्हणून 1806 मध्ये कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्याला तिथल्या जंगलांचा रखवालदार म्हणून नेमलं गेलं. सागवान तेलकट असतं, पाण्यात लवकर कुजत नाही, आणि ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळे जसे गंजतात तसे यात गंजत नाहीत. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आले, त्यांच्यापासून गोदीचं काम त्या घराण्याकडे होतं. 1813 च्या मे महिन्यात जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली तयार झालेली 74 तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. तिचं नाव कॉर्नवॉलिस. ज्याने टिपूकडून मलबार काढून घेतला, त्याचंच नाव सागवानी नौकेला मिळालं.

टिपूलाही आरमार उभारायचंच होतं. 1796 मध्ये त्याने नौदलासाठी वेगळं खातं काढलं आणि मोठ्या लढाऊ नौका आणि फ्रिगेट मिळून चाळीसएक जहाजं बांधायची योजना आखली. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि ती योजना तिथेच संपली. त्यामुळे देवनहळ्ळीत जन्मलेल्या सुलतानाच्या युद्धनौकेची प्रतिकृती करता येत नाही. देवनहळ्ळी जिंकणाऱ्याच्या नावाची मात्र करता येते. मला हे थोडं खुपतं, पण कागदपत्रं जिच्याबद्दल आहेत तिचीच प्रतिकृती होते.

कागदपत्रांच्या बाबतीत कॉर्नवॉलिस नवशिक्यासाठी फार सोयीची आहे. ती व्हेंजर वर्गातली. याच आराखड्यावर ब्रिटिश आरमाराने चाळीसच्या आसपास नौका बांधल्या, त्यामुळे रेषाचित्रं जपली गेली आहेत. आरमाराचा तो नकाशासंग्रह ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. नकाशा शोधताना एकच काळजी घ्यायची. मुंबईतच कंपनीसाठी बांधलेली, याच नावाची एक लहान नौका आधी होती. पुढे तिचं नाव बदलून अकबर ठेवलं गेलं. तोफांची संख्या 74 आणि साल 1813 जुळलं की आपण योग्य नौकेवर आहोत.

त्या काळच्या आरमारी आराखड्यांचं प्रमाण ठरलेलं असे: एका फुटाला पाव इंच, म्हणजे 1:48. कॉर्नवॉलिसचा तोफांचा खालचा मजला 176 फूट, म्हणजे सुमारे 54 मीटर लांब. 1:48 ने तो एक मीटर बारा सेंटीमीटर होतो आणि फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल कायमचं हातचं जातं. नकाशा निम्मा करून छापला की प्रमाण 1:96 आणि सांगाड्याची लांबी 56 सेंटीमीटर, रुंदी 15. माझ्या मते नवशिक्यासाठी हे प्रमाण योग्य आहे. आकडेमोड करावी लागत नाही आणि नौका कपाटावर मावते. छापखान्यातून कागद घेतल्यावर मात्र नकाशाच्या कडेची मोजपट्टी स्वतः मोजून पाहा. छपाईयंत्रं पान बसवण्यासाठी चित्र थोडं आक्रसून टाकतात. शंभरात दोनचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण नंतर तोफा बसवताना तोच नडतो.

नकाशावर एकाच जहाजाची तीन दृश्यं असतात. बाजूने, वरून आणि समोरून. समोरच्या दृश्यात उजव्या अर्ध्या भागात नाळेकडच्या फासळ्यांचे आकार असतात, डाव्या अर्ध्यात पिछाडीकडच्या. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे अर्धीच बाजू काढली जाते. हे चित्र वाचायला शिकणं म्हणजे निम्मं काम. कोकणातले होडी बांधणारे कारागीर कागदावर काही न काढता नजरेने आणि हाताच्या मापाने सांगाडा उभा करत आले. आरमाराला मात्र एकाच साच्याच्या नौका वेगवेगळ्या गोद्यांत हव्या होत्या, म्हणून कागद लागला. कागद हरवला की काय होतं तेही मुंबईने पाहिलं. वेलस्ली या पुढच्या 74 तोफांच्या नौकेचा आराखडा जावा या फ्रिगेटवरून येत होता. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावा जिंकली आणि आराखडाही गेला. मग वेलस्ली नुकत्याच पाण्यात उतरलेल्या कॉर्नवॉलिसच्याच रेषांवर बांधली गेली आणि 1815 मध्ये तरंगली.

आता लाकडाकडे येतो. या प्रकरणात मला जे मुख्यतः सांगायचं आहे ते इथेच आहे.

मूळ नौका सागवानाची. मग प्रतिकृतीही सागवानाची करावी, असं कुणालाही वाटेल. मुंबई-पुण्याकडे सुताराकडून सागाच्या पट्ट्या मिळतातही. पण सागाचा तुकडा भिंगाखाली धरा. आडव्या छेदात वाढीच्या वर्तुळांपाशी बारीक भोकांची रांग दिसते. त्या नळ्यांचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. 1:96 ने गुणलं तर अडीच सेंटीमीटर. म्हणजे आपल्या छोट्या नौकेवर उभ्या असलेल्या पावणेदोन सेंटीमीटरच्या खलाशाच्या दृष्टीने फळीभर अंगठा जाईल एवढी भोकं पडलेली आहेत. डोळा हे मोजत नाही, पण ओळखतो. लांबून पाहणाराही म्हणतो, ‘छान आहे, पण खेळण्यासारखं वाटतं.’ कारण तिथे फळी लहान झाली, लाकडाचा पोत मात्र लहान झाला नाही.

म्हणून सागवानाची नौका सागवानासारखी दिसायला हवी असेल तर सागवान सोडावं लागतं. युरोपात यासाठी पेअर किंवा बॉक्सवूड वापरतात, त्यांचे कण फार बारीक असतात. ते मागवायला महाग पडतं. देवनहळ्ळीकराला एवढ्या लांब जायची गरज नाही. बंगळूर ओलांडून म्हैसूरच्या रस्त्यावर चन्नपट्टण लागतं. तिथली लाखेची रंगीत खेळणी ज्या लाकडाची असतात, त्याला कन्नडमध्ये आले मर म्हणतात. आपल्याकडचा काळा कुडा तोच. लाकूड पांढरट, हस्तिदंतासारखं, घट्ट, आणि पोत इतका बारीक की कातलेल्या तुकड्यावर रेषा शोधावी लागते. ते पातळ पट्ट्यांत कापलं जातं, कोमट पाण्यात भिजवून वाकतं, चाकूखाली तुकडे उडत नाहीत. या कलेला टिपूने आश्रय दिला असं परंपरा मानते. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हलका आणि मऊ आहे, त्याची धार राहत नाही, तो या कामाला चालणार नाही. चन्नपट्टणचा कारागीर लहान लेथवर तोफांच्या नळ्याही कातून देऊ शकतो, नमुना नीट दिला तर. त्या लाकडाला चहाच्या पाण्याच्या रंगाची पातळ छटा दिली की 1813 चं नवं सागवान दिसू लागतं.

प्रतिकृतीतलं प्रत्येक काम याच हिशेबाने चालतं. जहाज लहान करणं म्हणजे सगळं सारख्याच प्रमाणात लहान करणं नव्हे. काही गोष्टी शहाण्णवपट लहान होतात, काही होतच नाहीत, आणि काही आपण होऊन सोडून द्याव्या लागतात. खालच्या मजल्यावरच्या 32 पौंडी तोफेचं वजन पावणेतीन टनांच्या घरात, लांबी 2.9 मीटर, आपल्याकडे ती तीन सेंटीमीटर. तोंडाचं भोक 1.7 मिलिमीटर, म्हणजे बारीक ड्रिल लागेल. दोरांत सर्वांत जाड नांगराचा दोर, सुमारे 18 सेंटीमीटर व्यासाचा. इथे तो दोन मिलिमीटरला जरा कमी. शिडीच्या आडव्या पायऱ्यांचा दोर मात्र 0.13 मिलिमीटरचा, शिवणदोऱ्याहून बारीक. पायऱ्यांना साधा शिवणदोरा वापरला तर खलाशी अंगठ्याएवढ्या जाड दोरांवरून चढताना दिसेल. फळ्या बसवणाऱ्या लाकडी खुंट्यांचा व्यास या प्रमाणात 0.3 मिलिमीटर होतो. अशा वेळी मी खुंट्या सोडून देईन. ठिपके टोचून दाखवले तर जवळजवळ नेहमीच ते मोठे होतात आणि नौकेला देवी आल्यासारखं दिसतं.

कामाची सुरुवात होते ती कण्यापासून. तीन मिलिमीटरच्या प्लायवूडवर बाजूचं दृश्य चिकटवून मधला उभा तक्ता कापायचा. त्याला खाचा पाडून त्यात फासळ्या आडव्या बसवायच्या. प्रत्येक फासळी तक्त्याला काटकोनात आहे का हे गुण्याने पाहा. पुढच्या सगळ्या सरळपणाचा पाया इथे घातला जातो, म्हणून या टप्प्याला घाई नको.

फासळ्या बसल्या की त्यांच्या कडा तिरक्या घासायच्या असतात. नाळेजवळ जहाज आत वळतं, त्यामुळे फासळीच्या काठावर फळी तिरपी टेकते. काठ चौकोनी ठेवला तर फळी फक्त कोपऱ्यावर टेकेल आणि ठिकठिकाणी फुगेल. लांब सपाट लाकडी पट्टीला सँडपेपर चिकटवून एकाच वेळी तीन-चार फासळ्यांवरून हात फिरवा. मग एक सेंटीमीटर रुंदीची लवचीक पट्टी फासळ्यांवर आडवी धरा. उजेडाकडे तोंड करून पाहा. जिथे पट्टी आणि फासळीमध्ये उजेडाची फट दिसते तिथे घासणं कमी पडलंय किंवा जास्त झालंय. जास्त झालेल्या जागी कागदाइतका पातळ लाकडाचा तुकडा चिकटवून पुन्हा घासा. पट्टी कुठेही न उचलता नाळेपासून पिछाडीपर्यंत लागली की थांबा. हे काम कंटाळवाणं मानलं जातं. मला मात्र सगळ्या बांधकामात हेच सर्वांत आवडतं, कारण इथे नकाशावरची रेषा बोटांना पहिल्यांदा लागते.

मग फळ्या. नवशिका सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या घेऊन लावत जातो. मध्यभागी त्या छान बसतात आणि नाळेजवळ एकमेकींवर चढू लागतात. कारण सोपं आहे. पोटाशी फासळीचा घेर मोठा आणि नाळेशी लहान, पण फळ्यांची संख्या दोन्हीकडे तेवढीच. म्हणून प्रत्येक फळी टोकांकडे निमुळती करावी लागते. घेर कागदाच्या पट्टीने मोजा, तेवढ्या फळ्यांत भागा आणि प्रत्येक फासळीवर खुणा करा. खऱ्या जहाजावर फळ्या आठेक मीटरच्या असत, म्हणजे आपल्याकडे आठ सेंटीमीटरच्या. सांगाड्याएवढ्या सलग पट्ट्या लावल्या तर ती सोय दिसून येते. लहान तुकड्यांत लावा आणि शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. मुंबईच्या सुतारांनीही सांधे असेच विखुरले होते, नाहीतर जहाज समुद्रात त्याच रेषेत उसवलं असतं.

बंगळूरच्या हवेबद्दल थोडं. हिवाळ्यात ती कोरडी असते, जूनपासून ओलावा वाढतो, आणि लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने त्यानुसार फुगतं-आक्रसतं. आणलेल्या पट्ट्या काही आठवडे त्याच खोलीत उघड्या ठेवा आणि मगच कापा. देवनहळ्ळीला सध्या इतकं बांधकाम चालू आहे की दुपारच्या वाऱ्यात बारीक लाल धूळ आत येते. रंगकाम सकाळी लवकर, खिडक्या बंद करून केलेलं बरं.

पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे असत, शिंपले आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी. एक पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद. आपल्याकडे साडेबारा मिलिमीटर बाय पावणेचार. रंगीत काचकामात वापरतात ती पाठीला गोंद असलेली तांब्याची फीत याला चालते. मागून पुढे, खालून वर, खवल्यांसारखी. पत्र्यांवर खिळ्यांची डोकी उठवणारे साचे मिळतात, पण 1:96 ला ती डोकी प्रमाणाबाहेर मोठी होतात. पत्रा कोराच ठेवा.

रंगाआधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक जण घेतच नाहीत. प्रतिकृतीला तारीख लागते. 1813 मध्ये मुंबईहून निघालेली कॉर्नवॉलिस बहुधा तोफांच्या ओळींवर पिवळ्या गेरूचे पट्टे घेऊन निघाली असेल, कारण तेव्हाची पद्धत तशी होती. 29 ऑगस्ट 1842 ला तिच्याच दालनात नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं, तेव्हा काळ्या अंगावर पांढरे पट्टे ही रीत रुळली होती. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तिच्यात वाफेचं इंजिन बसलं आणि तोफा 60 वर आल्या. पुढे ती शीअरनेसला धक्का म्हणून बांधून ठेवली गेली आणि 1957 मध्ये मोडली. चार कालखंड, एकाच सांगाड्याची चार वेगळी जहाजं. मी 1813 निवडेन, ज्या रूपात ती तेव्हाच्या मुंबईने पाहिली. काळा रंग लावताना बाटलीतला शुद्ध काळा नको, त्यात थोडा करडा मिसळा. खरं जहाज आपण दुरून पाहतो आणि मधली हवा रंग फिका करते.

खऱ्या मुंबईच्या सागवानाचा रंग आणि ठेवण पाहायची असेल तर ट्रिंकोमालीचे फोटो अभ्यासावेत. ती फ्रिगेट आहे, लढाऊ रांगेतली नौका नव्हे, पण 1817 मध्ये त्याच वाडियांच्या हाताखाली बांधलेली. पारशी रीतीप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगती उभी आहे. तोफांच्या खिडक्यांचे काठ, नाळेची गोलाई, दोरांच्या कप्प्या, सगळं जवळून टिपलेलं मिळतं. मुंबईच्या जुन्या गोद्या नौदलाच्या आवारात आहेत, तिथे सहज जाता येत नाही.

डोलकाठ्या आणि दोर पहिल्या नौकेला लावूच नयेत, असं माझं मत आहे. 74 तोफांच्या नौकेवर दोरांचं जाळं एवढं असतं की त्या एका कामात नवशिका दमतो आणि सुंदर झालेला सांगाडा वर्षानुवर्षं कपाटावर धूळ खातो. आरमाराच्या जुन्या प्रतिकृतींतही पुष्कळशा डोलकाठ्यांविना असत. त्यांचा हेतू सांगाडा दाखवणं हाच होता. खालच्या मजल्यावरच्या तोफांची फक्त तोंडं बाहेर दिसतात, तेव्हा आत पूर्ण गाडा करायची गरज नाही, नळीचा पुढचा तुकडा पुरे. वरच्या उघड्या भागातल्या तोफा मात्र पूर्ण करा, चाकांसकट.

काम संपल्यावर फासळ्यांचे कागदी आणि प्लायवूडचे फर्मे टाकून देऊ नका. वेलस्ली याच रेषांवर बांधली गेली होती. तिला नाव मिळालं ते श्रीरंगपट्टणला लढलेल्या आणि 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केलेल्या आर्थर वेलस्लीचं. 1940 च्या सप्टेंबरात थेम्स नदीवर जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती बुडाली; शिडांच्या लढाऊ नौकांत शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली ती शेवटची. तिच्या नाळेवरची कोरीव मूर्ती चॅटमला जपलेली आहे. हात बसल्यावर दुसरी नौका करायची झाली, आणि या वेळी डोलकाठ्यांसकट करायची झाली, तर फासळ्या त्याच चालतील. नाळेवरची मूर्ती आणि पिछाडीचं कोरीवकाम तेवढं नव्याने करावं लागेल.